सहा पट्टे उलटे

शिवणकामाच्या कारखान्यात चाळीस वर्षं कटिंगच्या टेबलापाशी उभी राहिलेल्या मावशीला धाकट्या मालकाने गेल्या आठवड्यात दाराजवळच्या स्टुलावर बसवलं. काम काय, तर तयार कपड्यांचे लोंबते धागे कापायचे. "वय झालं तुमचं, मावशी. महिनाअखेरीपासून घरी आराम करा," त्याने गोड बोलून सांगितलं. मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. हात-डोळे शाबूत असताना कसला डोंबलाचा आराम? नातवाच्या वयाच्या पोराने आपल्याला मोडीत काढावं, हे तिला फार लागलं.

तिच्या जागी आलेला मास्तर हुशार, पण भलताच घिसाडघाईचा. नाट्यगृहाच्या पडद्याची लाल मखमल आली. त्याने ताग्याच्या मागे-पुढे घड्या घातल्या आणि एकावर एक बारा थर एकदम कापले. सुती कापड असतं तर चाललं असतं. जोडलेला पडदा दिव्याखाली टांगला, तर एक पट्टा गडद आणि शेजारचा फिका!

"रंगातच खोट आहे," मास्तर म्हणाला. मालकाने कापडाच्या व्यापाऱ्याला फोनवर फैलावर घेतलं, पण तसली मखमल त्याच्याकडे उरलीच नव्हती. पडदा तर उद्या दुपारी लावायचा होता. मालक डोक्याला हात लावून बसला.

मावशी उठली. दोन पट्ट्यांवरून वरून खाली तळवा फिरवला. एक गुळगुळीत लागला, दुसरा खरखरीत.

"कापडाला कशाला नावं ठेवता? सहा पट्ट्यांची लव उलटी लागलीय. घडी घातली की ती फिरते."

"मग आता?" मालकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"सगळे पट्टे सारख्या मापाचे आहेत ना? उसवायचे, उलटे सहा फिरवून खालचं टोक वर करायचं, पुन्हा जोडायचे. टेबल मोकळं कर. आणि मी सांगेन तसंच करायचं, तूसुद्धा!" त्याला ती लहानपणापासून अरे-तुरेच करायची.

त्या दिवशी मालकानेही उसवायला बसून बोटाला सुई टोचून घेतली. मावशीने प्रत्येक पट्ट्यावर खडूने बाण काढला आणि बाण पाहिल्याशिवाय एकही शिवण घालू दिली नाही. मास्तरची तर तिने सगळ्यांसमोर बिनपाण्याने केली. मनातून तिला उकळ्या फुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाल. नाट्यगृहाचा मॅनेजर खूश झाला. "कुणी बेतला हो?"

मालक पडद्याची चूण सारखी करू लागला.

"मी उभा केला," मावशी पुढे होऊन म्हणाली.

"मग वरच्या मजल्याचे सगळे पडदेही तुम्हीच करा की. किती दिवस लागतील?"

"सहा महिने," मालकाकडे न बघताच तिने सांगून टाकलं. "मापं घ्यायला मी सोमवारी येते."

मॅनेजरने मालकाकडे पाहिलं.

"त्या म्हणतील तसं," मालक म्हणाला.