हॅमस्टरची गादी

माझे सासरे माझ्याशी चौदा वर्षं बोलले नाहीत. भांडण वगैरे काही नव्हतं. आमच्याकडे जुन्या वळणाचा सासरा सुनेशी थेट बोलत नाही, एवढंच. मी त्यांना मामाजी म्हणते, पण मनातल्या मनात. मोठ्याने म्हणायची वेळच आली नव्हती. सासूबाई होत्या तोवर सगळे निरोप त्यांच्यामार्फत जायचे. त्या गेल्या, आणि मामाजी उंद्रीचं घर बंद करून देऊळगाव राजाला आमच्याकडे राहायला आले. मग ते भिंतीशी बोलू लागले. "चहा झाला असन," असं ते भिंतीला सांगायचे आणि मी चहा आणून द्यायचे. भिंतीने कधी तक्रार केली नाही.

उंद्रीला एकदा ते चक्कर येऊन गोठ्यात पडले होते. त्यांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी दर पंधरा दिवसांनी ते पिशवी भरून दाराशी ठेवत आणि भिंतीला म्हणत, "आपन आपल्या उंद्रीलेच बरे." माझा नवरा कॉलेजात कारकून. तो संध्याकाळी घरी आला की समजूत काढायचा आणि पिशवी रिकामी व्हायची. मामाजी जाऊ नयेत असं मला फार वाटायचं. दुपारभर मी मशीनवर ब्लाउज शिवत असे आणि ते पलीकडे खाटेवर खोकत असत. त्या खोकल्याची मला सोबत वाटायची. पण हे त्यांना सांगायचं कोणामार्फत? नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने ते हसत हसत सांगून वाया घालवलं असतं.

अशात आमच्या सातवीतल्या मुलीने हॅमस्टरचा हट्ट धरला. कुत्रा नको, मांजर नको, हॅमस्टरच. शेवटी आम्ही जालन्याला जाऊन एका दुकानात उभे राहिलो. दुकानदाराने साड्या दाखवाव्यात तसे एकेक प्रकार काढून दाखवले. सिरियन सगळ्यात मोठा, स्वभावाने शांत, हातावर बसतो. पण एका पिंजऱ्यात एकच ठेवायचा, दुसरा ठेवला तर रक्त निघेपर्यंत मारामारी. विंटर व्हाइट लहान, त्याच्या देशात तो हिवाळ्यात पांढरा होतो. "इथं होतो का?" मी विचारलं. "इथं कशाला होईल?" तो म्हणाला. तिसरा रोबो, अंगठ्याएवढा. तो फक्त पाहायचा, हातात यायचा नाही. मुलीने एक सोनेरी सिरियन मादी घेतली आणि दोन रोबो बहिणी. बहिणी एकत्र राहतात, असं दुकानदार म्हणाला. मला दोन नणंदा आहेत, म्हणून मी त्यांच्यासाठी वेगळा डबा तयार ठेवला.

मामाजींनी पिंजऱ्यात वाकून पाहिलं आणि भिंतीकडे वळले. "जलमभर उंदरं मारले. आता पैसे देऊन घरात आनले." थोड्या वेळाने पुन्हा वाकले. "आन यायच्या शेपट्या कोनं तोडल्या?"

मुलीने कामाचा तक्ता करून भिंतीला चिकटवला. आठवडाभर तो पाळला गेला, मग शाळा आणि शिकवणी सुरू झाली आणि तक्ता माझ्या नावावर झाला. ज्वारी-बाजरी चमचाभर, सूर्यफुलाच्या बिया मोजून, काकडीची एक चकती. रोबोंना लोळायला चाळून भाजलेली वाळू. एप्रिलात पिंजरा कूलरसमोर नाही, पण कूलरच्या खोलीत. दिवसभर ही मंडळी झोपलेली, त्यामुळे मामाजींचं त्यांच्याबद्दल बरं मत नव्हतं. रोबो तर त्यांना मुळीच पटले नाहीत. "हाती लागत नाही तं पाळाचे काऊन?"

सिरियनचं मात्र हळूहळू जमलं. दिवे लागायच्या वेळी ती उठायची, दोन्ही गाल दाण्यांनी फुगवायची आणि कोपऱ्यात नेऊन लपवायची. मामाजी हे खाट ओढून घेऊन पाहायचे. "हिले साठवायची अक्कल हाय," ते एकदा म्हणाले, आणि मला जाणवलं की हे त्यांनी भिंतीला सांगितलेलं नाही. त्या दिवसापासून भिंतीचं काम सिरियनकडे गेलं. "तुयं पानी सरलं वाट्टे," ते तिला म्हणायचे. मीही धीर करून तिलाच म्हणायचे, "सकाळीच भरलं होतं बाई." "तं मंग नळी चोंदली असन." असा आमचा संवाद होऊ लागला. दोन महिने दाराशी पिशवी दिसली नाही.

एक गोष्ट त्यांना खुपत होती. दुकानदाराने पिंजऱ्यात लाकडाचा भुसा घालायला सांगितला होता. "भुशावर ढोर बसते, घरातलं मानूस नाही," त्यांनी सिरियनला सांगितलं. आमच्या घरात नवीन कोणी आलं, सून असो की तान्हं लेकरू, की त्याची गादी शेतातल्या कापसाची करतात. माझीही केली होती. ती देतानाही मामाजी बोलले नव्हते, गादी सासूबाईंनी आणून टाकली होती. तर मामाजी उंद्रीला जाऊन संध्याकाळच्या बसने कापसाचं गाठोडं घेऊन परतले. दोन दिवस बसून त्यांनी बोटांनी सरकी काढली, कापूस पिंजला आणि पिंजऱ्यात स्वतःच्या हाताने पसरला. सिरियन त्यात पार गडप झाली. मामाजी हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

पाचव्या दिवशी दुपारी मी पिंजरा साफ करायला घेतला. सिरियन हलेना. उचलली तर मागच्या पायाला कापसाचे तंतू वळून वळून आवळले होते, बॉबिनवर दोरा भरावा तसे. पंजा काळा पडला होता. मी तिला ओढणीत गुंडाळलं, मशीनवरची कात्री घेतली आणि जनावरांच्या दवाखान्यात पळत गेले.

तिथले डॉक्टर म्हशींचे. त्यांनी ओढणीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "वजन किती?"

"सोनाराकडे करावं लागन," मी म्हणाले.

ते भले गृहस्थ होते. कोणाला तरी फोन करून त्यांनी माहिती विचारली आणि मग माझ्या हातातली शिवणाची कात्री पाहून म्हणाले, "मी धरतो, तुम्ही कापा. तुमचा हात बारीक कामाचा आहे." माझ्याच कात्रीने मी एकेक तंतू कापला. पंजा वाचणार नाही, गळून पडेल, पण तीन पायांवर ती नीट जगेल, असं त्यांनी सांगितलं. आणि कापूस पुन्हा घालू नका म्हणाले.

घरी आले तर दाराशी पिशवी भरून ठेवलेली. मामाजी खाटेवर बसले होते. मी पिंजऱ्यातला कापूस काढला. ते प्रत्येक मुठीकडे पाहत होते. सिरियन औषधाने झोपली होती, तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

"सूनबाई."

मामाजींनी दुसऱ्या कोणाला हाक मारली असेल म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"माह्या कापसानं झालं का थे?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. पण चौदा वर्षांनी मला एक प्रश्न विचारला गेला होता, आणि त्याला खोटं उत्तर द्यायला माझी जीभ वळेना.

"हाव, मामाजी. कापसानंच. मी रोज दोऱ्यात बसते, मलेबी समजलं नाही."

ते गुडघ्यावर हात ठेवून बसले. "मी तं येक येक सरकी काढली होती."

"मी पाह्यलं."

"जातो मी आता. माह्यानं काही ना काही इगडतेच."

"नका जाऊ," मी म्हणाले. "तुमी गेले तं मी दिवसभर कोनाशी बोलू? मले तुमी घरात पाह्यजे."

त्यांनी पिशवीवर ठेवलेला चष्मा उचलून डोळ्यांना लावला, उठून पिंजऱ्यापाशी आले आणि खाली बसले.

"तिले खाली काय टाकशीन मंग?"

"कागद. बारीक फाडून."

त्यांनी शेजारचा पेपर ओढला आणि पट्ट्या फाडायला लागले.

"मामाजी, थो आजचा हाय."

"माह्यित हाय मले," ते माझ्याकडे पाहून म्हणाले.