विठूकाकांची जपानी कात्री

आधीच सांगून ठेवते, मी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. कोणी भुताखेतांचं सांगायला लागलं की "चल, काहीतरीच!" म्हणून मोकळी होणारी मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही मुलुंडला राहायचो. स्टेशनपासून दहा मिनिटांवर चार खोल्यांची बैठी कौलारू चाळ, त्यातली शेवटची खोली आमची. आई, बाबा, मी आणि बाबांचे थोरले भाऊ विठूकाका. काका शिंपी, लग्न न केलेले. तरुणपणी सिंगापूरला एका म्हाताऱ्या जपानी शिंप्याच्या हाताखाली शिकले आणि लढाईच्या आधी त्याचीच कात्री घेऊन परत आले. आता ती कात्री म्हणजे... एकच पट्टी वाकवून केलेली, मधे स्क्रू नाही, बोटं घालायला कड्या नाहीत. दिसायला थेट चुलीतला चिमटा! पण त्या शिंप्याच्या आजोबांपासून चालत आलेली. काका म्हणायचे, जपानात शंभरी गाठलेल्या वस्तूत जीव येतो, तिला 'त्सुकुमोगामी' म्हणतात. नीट निरोप दिला तर ती सुखाने जाते. नुसती फेकून दिली तर रुसते, घरी परत येते.

"काका, मग आपला पाटा-वरवंटा कधी बोलायला लागणार?" मी चिडवायची.

मोडकी सुईसुद्धा काका फेकत नसत. डबीत साठवायचे आणि खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, तांदळाच्या उकडीच्या गोळ्यात एकेक टोचून ठेवायचे. "जन्मभर जाड कापडात शिरल्यो गो, आता मऊ निजांदेत." हेही त्या जपानी गुरूचंच.

त्या वर्षी मार्गशीर्षात माझं लग्न ठरलं होतं आणि खंडेनवमीला सासरची माणसं यायची होती. पूजेत तो गंजका चिमटा कसा दिसेल? मी शहाणपणा केला. आदल्या दिवशी काका बाहेर गेलेले असताना कात्री भंगारवाल्याला देऊन टाकली आणि नवी, चकचकीत कात्री पूजेच्या पाटावर मांडली. वाटलं, काका खूश होतील.

काकांनी पाटासमोर बसून जुनी कात्री कुठे ते विचारलं, मी सांगितलं. मग एवढंच म्हणाले, "तिका निरोप तरी दिलंस काय गो?"

त्या भंगारवाल्याला शोधत मी पार भांडुपपर्यंत चालत गेले. माल केव्हाच पुढे गेला होता.

नव्या कात्रीला काकांनी हात लावला नाही. शिवण बंद. आणि आठवड्याभरात दुपारी तीनच्या सुमारास, काकांच्या कापड बेतायच्या वेळेला, ते ज्या फळीवर कापड बेतत तिच्यावरून आवाज यायला लागला. त्या कात्रीचा आवाज मी लहानपणापासून ऐकलेला – हलका, घासल्यासारखा. काका बाहेर ओट्यावर, फळी रिकामी. आई म्हणाली, उंदीर असेल. मीही उंदीरच म्हटलं. काका मात्र त्यांच्या मालवणीत हळूच म्हणायचे, "इली." आली, म्हणजे ती कात्री.

लग्नाला आठ दिवस राहिले आणि काका तापाने पडले. शालूवरच्या ब्लाउजचं कापड फळीवर तसंच पडलेलं. एका दुपारी आई, मी आणि शेजारची सुशीला ओट्यावर तांदूळ निवडत होतो. तीन वाजले, आवाज आला... या खेपेला बराच वेळ. आत जाऊन बघते तर कापड बेतलेलं! पाठ, पुढचे भाग, बाह्या, सगळं काकांच्या पद्धतीने, शिवणीला बोटभर जास्त सोडून. नवी कात्री कपाटात कुलूपबंद, किल्ली माझ्या कमरेला. घरात दुसरी कात्री नव्हती, आणि विळीने रेशीम असं कापता येत नाही.

"काका, तुम्ही उठलात?"

"मी न्हय गो. आता तरी बोल तिच्याशी. दोन शब्द. मगे ती सुखान जायत."

दारात सुशीला तोंडाला पदर लावून हसत होती. "अगं बोल ना! नवऱ्याशी बोलायची प्रॅक्टिस होईल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुकडे गोळा केले, "तापात बरळताय तुम्ही" असं काकांना तोडून बोलले आणि मागच्या दारी निघून गेले. त्यानंतर तो आवाज कधीच आला नाही.

ताप उतरल्यावर काकांनी ब्लाउज शिवला आणि मी तो घालून बोहल्यावर चढले. कापड कोणी बेतलं, कशाने बेतलं, मला आजही सांगता येत नाही. खूप डोकं चालवून पाहिलं. पण छळतं ते हे नाही.

संक्रांतीला माहेरी आले तेव्हा काकांनी पुन्हा अंथरूण धरलं होतं. रोज तीन वाजता विचारायचे, "इली काय गो?" एके दिवशी मला बघवेना. म्हटलं, "हो काका, इली. आत्ताच."

काका म्हणाले, "खोटा बोलू नको गो. ती इली तर माका कळता."

रागावले नाहीत. माझा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. चार वाजेपर्यंत आम्ही दोघं कान देऊन बसलो होतो. काहीच ऐकू आलं नाही.