मुद्देमालातला बाळकृष्ण

देव चोरीला गेला तेव्हा मी रडले. सापडूनही घरी येईना, तेव्हा मात्र त्याच्यावरचा माझा विश्वासच उडाला. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नागपुरात महालातल्या आमच्या घरी चोरी झाली आणि देव्हाऱ्यातला चांदीचा बाळकृष्ण गेला. पोलिसांनी चोर लवकरच पकडला, पण बाळकृष्ण राहिला ठाण्याच्या कपाटात, गळ्यात नंबराची चिठ्ठी बांधून. "मुद्देमाल आहे बाई, निकाल लागेपर्यंत भेटत नाही," हवालदार म्हणाले. निकाल कधी, ते देव जाणे, आणि देव तर कोठडीत! इकडे सासूबाईंनी अन्न सोडलं. बाळकृष्णाला नैवेद्य दाखवल्याशिवाय त्या आयुष्यात जेवल्या नव्हत्या. घोटभर दुधावर राहून त्यांनी खाट धरली.

रागारागात मी रामटेकला गेले. गडावर रामापुढे हातसुद्धा जोडले नाहीत. "तुला स्वतःला सोडवता येत नाही, माझ्या म्हातारीला काय वाचवशील?" असं तोंडावर विचारलं आणि पायरीवर बसून रडले. शेजारी एक अनोळखी बाई फुटाणे खात बसली होती.

"काहून रडून राहिली वं?"

मी सगळं सांगितलं, तर ती चक्क हसली. "माह्या बांगड्याही अशाच अडकल्या होत्या. कोर्टात अर्ज दे ना! केस चालत राहीन, वस्तू मालकाले सुपूर्दनाम्यावर भेटते, सांभाळायले. तो तुहा हक्क हाय, कोणाचे उपकार नाही."

"वकिलाले पैसे कुठून देऊ?"

"गरिबाले फुकट वकील भेटते, कोर्टातच विचार. भेव वाटते? सोमवारी मी येतो संगं. माह्या वक्ताले कोणी नव्हतं."

सोमवारी ती खरंच कोर्टाच्या फाटकाशी उभी होती. वकील मिळाले, अर्ज झाला. सुनावणीला न्यायाधीशांनी विचारलं, "मूर्ती तुमचीच कशावरून?" मी वळून तिच्याकडे पाहिलं. मागून तिचा आवाज आला, "बोल वं!" मी बोलले. उजव्या गुडघ्यावर खाच आहे म्हटलं. सासूबाई रोज तिथं लोणी लावून बोटानं पुसतात. साहेबांनी मूर्ती हातात घेऊन पाहिली आणि हुकूम दिला. विकायची नाही, मोडायची नाही, बोलावू तेव्हा हजर करायची.

बाळकृष्ण रिक्षातून घरी आला तेव्हा गल्लीतल्या बायकांनी गुलाल उधळला. सासूबाई उठून बसल्या. "ठाण्यातून सुटून आलं पोरगं, आधी आंघोळ घाल त्याले," म्हणाल्या, आणि नैवेद्य दाखवून वरणभात जेवल्या. त्या घासागणिक माझा आनंद पोटात मावेना.

पुढं काही वर्षांनी सासूबाईंना देवाचं बोलावणं आलं, तेव्हा त्या हुकुमातल्या अटी आठवल्या. आपलं म्हणून जे जे धरतो, ते आपल्याकडे सांभाळायलाच दिलेलं असतं. रडले, पण भांडले नाही.

त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नंतर रामटेकला जाऊन मी दोन्ही हात जोडले आणि तिच्यासाठी एक नमस्कार जास्त केला. आता ठाण्याबाहेर एखादी बाई डोळे पुसताना दिसली, की मी तिच्याजवळ जाऊन बसते आणि विचारते, "काहून रडून राहिली वं?"