काचेच्या हॉलमधला जवळा

"मॅडम, ही जाळी काढा आणि फुल्ल काच लावा," असं म्हणून दशरथशेठनी चहाचा कप सरळ माझ्या ड्रॉइंगवर ठेवला.

दशरथशेठ म्हणजे उरणकडच्या खाडीकाठच्या गावातले. बापजाद्यांची भातशेती सरकारी प्रकल्पात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला आणि त्यावर ते सात मजल्यांची बिल्डिंग बांधत होते. सगळ्यात वरच्या मजल्यावर स्वतः राहणार, आईला घेऊन. मी त्यांची आर्किटेक्ट. तीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे ड्रॉइंगवर कप ठेवला की माझं डोकं फिरतं.

प्लॉटचं तोंड पश्चिमेला. दुपारी दोननंतर ऊन तिरपं होऊन थेट घरात घुसतं. म्हणून मी पश्चिमेला खोल बाल्कन्या काढल्या होत्या आणि त्यांच्या पुढे भाजलेल्या मातीची जाळी. जाळी ऊन अडवते, खाडीवरचा वारा मात्र आत सोडते. सस्टेनेबल डिझाइन म्हणून जे काही बोललं जातं त्यातलं निम्मं एवढंच आहे हो. ऊन आधी बाहेर थांबवा, मग लागलाच तर एसी घ्या. काचेचं उलटं. ऊन आत येतं आणि त्याची उष्णता आतच कोंडते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत बसून बघा, मग मला विचारा.

हे सगळं मी शेठना समजावलं. कॉम्प्युटरवर काढलेला, कुठे किती तापेल ते लाल-पिवळ्या रंगात दाखवणारा नकाशाही दिला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला आणि हा कोणाचा एक्स-रे आहे म्हणून विचारलं. त्यांचं म्हणणं एकच. हायवेवरच्या सगळ्या नव्या बिल्डिंगा काचेच्या आहेत, आपलीच गावातल्या घरासारखी का?

काचेच्या ड्रॉइंगवर मी सही करणार नाही म्हणाले. खरं सांगते, बोलून गेले आणि लगेच पस्तावले. माझ्या ऑफिसात त्या वर्षी दुसरं मोठं काम नव्हतं. शेठही अडून बसले. शेवटी ठरलं असं: पहिल्या मजल्यावर सॅम्पल फ्लॅट करायचा. हॉलला काच, बेडरूमला माझी जाळी. अक्षय तृतीयेला फ्लॅट घेणारे लोक बघायला येतील. त्यांना काच आवडली तर मी मुकाट सही करायची किंवा घरी बसायचं.

हॉल दिसायला सुंदर झाला, नाही कशाला म्हणू. जमिनीपासून छतापर्यंत काच, एकही खिडकी उघडणारी नाही. त्याला फिक्स ग्लास म्हणतात. शेठनी दोन एसी लावले आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात कोणाला तरी फोनवर सांगितलं की दुसरा आर्किटेक्ट बघून ठेव.

अक्षय तृतीयेला दुपारी तीनची वेळ होती. मी आणि शेठ अडीचला पोचलो. शेठनी दार उघडलं आणि दोन पावलं मागे आले.

आत जवळा वाळत होता. जवळा म्हणजे बारीक कोलंबी, सुकवून वर्षभर पुरते. उरलेले फ्लेक्स बॅनर उलटे पसरून त्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत जवळा. मध्ये पाटावर शेठची आई, हिराबाई, हाताने तो परतत बसलेली. फ्लॅटची किल्ली तिच्याकडेच असायची, कारण त्यांचं घर साइटला लागूनच. दोन्ही एसी बंद. सकाळपासून लावून ठेवायला सांगितले होते ना, असं शेठनी विचारलं, तर म्हणाली, थंडीत जवळा कसा सुकेल?

दहा मिनिटांत आम्ही तिघांनी मिळून सगळा जवळा गोळा केला. मीसुद्धा, चांगली साडी खोचून. एसी लावले. पण जवळा गेला, वास कुठे जाणार? खिडकी उघडायची तर खिडकी हवी. एसी तोच वास थंड करून परत आमच्याकडे पाठवत होते.

तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं. खांदेश्वरला भाड्याने राहणारे परब, नवरा-बायको, दोघं नोकरदार. परबांनी नाक वर करून वास घेतला आणि घाम पुसत म्हणाले, "आम्ही मालवणकडचे. जवळा आवडतो. पण तो ताटात." बायको तोवर बेडरूममध्ये जाऊन पोचलीसुद्धा. परबही गेले. जाळीतून वारा येत होता, फरशीवर उन्हाचे चार ठिपके, बाकी सावली. पाच वाजेपर्यंत जे कोणी आले ते हॉलमधून नाक दाबून पळाले आणि त्या बेडरूममध्येच गप्पा मारत बसले.

शेठ आईवर भयंकर चिडले होते. सगळे गेल्यावर म्हणाले की वास नसता तर लोक हॉलमध्येच बसले असते. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. मी मनातून घाबरले होते.

हिराबाई मात्र घाबरणाऱ्यातली नव्हती. मूठभर जवळा तिने लेकापुढे धरला.

"आंगनान दोन दीस लागतान," ती म्हणाली. "हितं एका दिसान खरखरीत जाला. वरच्या माल्यावर मना अशाच खोलीन ठेवनार ना तू? मंग मी पन अशीच सुकन."

शेठनी जवळ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग एसी बंद करून, कॉलर सैल करत त्या हॉलमध्ये खाली बसले. बसले असतील फार तर पाच मिनिटं. उठून बेडरूममध्ये आले आणि मला म्हणाले, "मॅडम, जाळीच ठेवा. सगल्या माल्यांना."

मी तीस वर्षांत शिकलेलं सगळं सांगून थकले होते. त्या बाईने ते मूठभर जवळ्यात सांगितलं. हेवा वाटला मला, आणि इतकं हायसं वाटलं की तिच्या पायाच पडले.

बिल्डिंगमध्ये आता लोक राहतात. सॅम्पल फ्लॅटची काच वाया घालवायची नाही म्हणून शेठनी गच्चीवर तिची एक खोली करून घेतली. वर झडपा ठेवल्यात, म्हणजे दमट हवा निघून जाते. मे महिन्यात तिथे सोसायटीचे पापड, कुरडया आणि एका बाजूला जवळा वाळतो. जागेवरून भांडणं होतात आणि हिराबाई ती सोडवते.

आणि मी एक गोष्ट बदलली. तो लाल-पिवळा नकाशा आता कोणाला दाखवत नाही. क्लायंट म्हणाला, पश्चिमेला पूर्ण काच लावा, की मी वही उघडते आणि शांतपणे विचारते, काय वाळवायचंय?