तरसाची रिकामी पाठ

आमच्या गावात तान्ही मुलं पुरायची जागा ओढ्याच्या पलीकडे होती. खड्डा फार खोल जात नसे, कारण जतच्या पूर्वेला आमच्या माळावर हातभर माती उकरली की खाली मुरूम लागतो. वर दगड रचायचे, दगडांवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकायच्या आणि मागे न बघता घरी यायचं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षांतला उन्हाळा होता. मी सांगलीला कॉलेजात शिकत होतो. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला मी पहिलाच. सुटीला घरी आलो तेव्हा गावात दोन तान्ही मुलं तापानं गेली होती, आणि दोन्ही वेळा दोन-तीन रात्रींत खड्डा उकरलेला सापडला होता. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिसरं मूल गेलं.

उकरणारं जनावर तरस आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते साधं तरस नव्हे, असं गावाचं म्हणणं होतं. तट्टाएवढं उंच, दोन कानांच्या मध्ये दिवा आणि पाठीवर बाई बसलेली. बाई चेटकानं मूल मारते आणि मग रात्री त्या तरसावर बसून आपला वाटा न्यायला येते. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आजवर त्या बाईला चेहरा नव्हता. त्या उन्हाळ्यात लोकांनी तो दिला.

गावाच्या कडेला एक म्हातारी सुईण एकटी राहायची. तिला आम्ही सगळे आत्ती म्हणत होतो. निम्म्या गावाची नाळ तिनं कापली होती, माझीही. ती तिन्ही बाळंतपणं तिच्याच हातची होती. मुलं गेल्यावर त्यांना शेवटची आंघोळही तिनंच घातली होती, कारण ते आईच्यानं होत नाही. आता या दोन्ही गोष्टी तिच्याविरुद्ध मोजल्या जाऊ लागल्या. दारात दगड पडू लागले. तिला गावाबाहेर काढायचं चावडीवर ठरत आलं होतं. तिला ना नवरा होता, ना मूल. ती कुठं जाणार, हे कुणी बोलत नव्हतं.

चार माणसांत मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी चावडीवर तरीही मी बोललो. त्या वर्षी कॉलेजात आम्हाला प्रयोग कसा करतात ते शिकवलं होतं. बाकी सगळं तसंच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. मला ते फार आवडलं होतं. त्यात कुणाशी भांडावं लागत नाही, असं मला वाटायचं.

“पाटील, मी एक बोलू का?”

“बोल की. एवढा शिकतोस, ते काय आमी मेल्यावर बोलणार हाईस?”

लोक हसले. मी म्हणालो, “आत्तीला रातभर घरात कोंडूया. भाईरनं कुलूप. आन् आपुन वढ्याकडं जाऊन बसूया. ती आत आसताना जनावर आलं, तर तिचा आन् त्येचा काय बी संबंध न्हाई. मग तिला कुणी काय बोलायचं न्हाई.”

पाटलांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “कबूल.” तिसऱ्या मुलाचा बाप खांबाला टेकून बसला होता. मूल आदल्या दिवशीच पुरलं होतं. त्यानं मान हलवली की नाही, मला आठवत नाही.

आत्तीला सांगायला मीच गेलो. “एका रातीचाच परश्न हाय, आत्ती.”

“कोंड बाबा,” ती म्हणाली. “घागरभर पाणी तेवढं ठेव आत. पर म्हातारीला रातीला दोनदा उठावं लागतंय, त्येचं काय? तुझ्या पुस्तकात काय लिवलंय का?”

मी घरून एक काठ फुटलेलं मडकं आणून दिलं. मग पाटलांच्या माणसानं चावडीचं कुलूप लावलं.

आम्ही चौघे गेलो. पाटील, मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, आघाडीवरून पायात गोळी घेऊन परत आलेला एक फौजी, मुलाचा बाप आणि मी. फौजीकडे बॅटरी होती. चंद्र नव्हता. ओढा कोरडा पडला होता आणि दोन्ही काठांवर बोरी-बाभळी, निवडुंग, तरवड असं खुरटं रान होतं. पाऊल टाकलं की काहीतरी ओरबाडायचं. तिसऱ्या ढिगापासून तीस पावलांवर एका बोरीमागे आम्ही घोंगडी पांघरून बसलो.

“मिसरात रणगाडं अंगावर आलं, तवा भ्या वाटलं न्हाई,” फौजी कुजबुजला. “हितं मातुर वाटतंय गड्या.”

“गप की रं,” पाटील म्हणाले. “तुझी बडबड ऐकून तरसावरची बाईच उतरून पळंल.”

फौजी तोंड दाबून हसला. मुलाचा बाप हसला नाही. त्याच्या मांडीवर कुऱ्हाड होती. तो ढिगाकडेही बघत नव्हता आणि आमच्याकडेही नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दगडावर दगड वाजला. मग काट्याची फांदी ओढल्याचा आवाज आला. पाटलांनी फौजीच्या दंडाला हात लावला आणि बॅटरी लागली.

ते तरसच होतं. पुढून उंच, मागून उतरतं, अंगावर काळे पट्टे, मानेवरचे केस ताठ. मागचा एक पाय ते टेकवत नव्हतं. मोठ्या कुत्र्याहून जरासंच मोठं. दिवा नव्हता. डोळे तेवढे उजेडात हिरवट चमकले. त्याच्या पाठीचा कणा वर आला होता, इतकं ते भुकेलं होतं.

मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, “पाठ मोकळी हाय! बगा पाटील, पाठीवर कुणी न्हाई!”

इतक्या आनंदानं मी आयुष्यात फार थोड्या वेळा ओरडलो असेन. आणि तो आनंद मला झाला एका मेलेल्या मुलाच्या ढिगासमोर, त्याच्या बापाच्या शेजारी उभा असताना. हे आजही मला सांगवत नाही.

बापानं कुऱ्हाड फेकली. ती दगडावर आपटली. तरस तीन पायांवर उड्या घेत झुडपांत गेलं. आम्ही ढिगाजवळ गेलो. वरचे चार दगड फक्त सरकले होते. बापानं ते एकेक उचलून पुन्हा रचले. आम्ही काटे गोळा करून दिले. मग तो प्रथमच बोलला.

“मोकळीच आसणार की पाठ. तिला कोंडलीया न्हवं?”

फौजीनं बॅटरी विझवली. मग पाटील म्हणाले, “व्हय की.”

“आवं पाटील, पर आपलं ठरलं हुतं...” मी म्हणालो.

“आरं, जनावर येणारच. त्येला भूक हाय. पर बाई आली का? न्हाई. दोनदा उकरलं, आज उकरलं का? न्हाई. का? तर आज ती आत हाय. तूच दावलंस की समद्यास्नी.”

“म्हंजे कुलपानं काम केलं,” फौजी म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

आमच्या आवाजानं जनावर पळालं, बॅटरीनं पळालं, असं मी वाटेत दोन-तीनदा म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटत होता. जनावर आलंच नसतं तर हे काय म्हणाले असते, याचा मी विचार करत होतो. तेच म्हणाले असते. कुठलं उत्तर आलं म्हणजे तुम्ही तिला सोडाल, हे मी चावडीवर नीट विचारून घ्यायला हवं होतं. विचारलं आहे, अशीच माझी समजूत होती.

सकाळी तिला गावाबाहेर काढायचा बेत रद्द झाला. कुलूप पुरेसं आहे, असं ठरलं. रोज दिवेलागणीला कोंडायचं, उजाडल्यावर उघडायचं. एकेका घराची पाळी लागली. कुलूप काढा म्हणून सांगायला मी पाटलांच्या घरी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्यांनी मला गूळ-शेंगा दिल्या आणि म्हणाले, “तुझ्यामुळं म्हातारीचं गाव सुटलं न्हाई, ह्ये ध्यानात ठेव.” माझ्या वडिलांनी माझ्या शिक्षणाबद्दल चार लोकांत चांगलं बोलल्याचं मी त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं.

पावसाळ्यात गावात एकही तान्हं मूल गेलं नाही. तरस पुन्हा दिसलं नाही. ते लंगडं जनावर कुठंतरी मेलं असेल. दिवाळीला मी घरी आलो तेव्हा कुलपाविषयी कुणी बोलतसुद्धा नव्हतं. विहिरीवरून पाणी आणावं तसं ते रोजचं काम झालं होतं. दिवसा बाळंतिणीच्या अंगाला तेल लावायला तिला बोलावत, आणि तिन्हीसांज व्हायच्या आत घरी पोचवत.

मी तिच्याकडे गेलो. ती ज्वारी निवडत होती. आणखी वाळली होती. मी म्हणालो, “आत्ती, माझ्यासंगं सांगलीला चल.”

“तू ऱ्हातोस कुठं?”

“बोर्डिंगात.”

“मग मला कुठं ठिवतोस? तुझ्या ट्रंकंत?” ती हसली. मग सुपातला एक खडा वेचून तिनं बाजूला टाकला. “दगड पडायचं थांबलं बग. तेवढं बरं झालं.”

“माझं चुकलं, आत्ती.”

तिनं सूप पाखडलं. तिनं ऐकलं की नाही, मला कळलं नाही. पुन्हा म्हणायचं धाडस मला झालं नाही.

त्या दिवशी पाळी आमच्या घराची होती. वडील मळ्यात होते. आईनं किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “जा, लावून ये. दिवं लागलं.” मी म्हणालो, मी जाणार नाही. आई म्हणाली, “मग मी जाते. का गावाला सांगू, आमची पाळी चुकली म्हणून? दगड कुणाच्या दारात पडत्याल मग?” तिच्या कडेवर बाळंतपणाला माहेरी आलेल्या माझ्या बहिणीचं दोन महिन्यांचं मूल होतं.

मी गेलो. आत्ती आत जाऊन बसली होती. घागर भरलेली होती. मी दार ओढलं, कडी घातली आणि कुलूप लावलं.

“वढून बग रं,” ती आतून म्हणाली. “उगडं ऱ्हायलं, तर उद्या माझ्यावरच येतंय.”

मी ओढून बघितलं. लागलं होतं.