नर्सबाईंनी काढलेली चूक

समोरच्या ब्लॉकमधल्या निवृत्त नर्सबाई माझी पटकथा वाचत होत्या. ओळीखाली बोट, ओठ हलताहेत, शेजारच्या चहावर साय धरलेली. मी दारात उभी राहून बघतच राहिले. तीन वर्षं लिहितेय, पण माझं लिहिलेलं कुणी वाचताना मी पहिल्यांदाच पाहत होते. निर्मात्यांच्या ऑफिसातून पटकथा परत यायची ती कोरी करकरीत. वर निरोप, "छान आहे, पण सध्या असं चालत नाही."

नर्सबाई एका पानावर थांबल्या.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या. "पेशंट गेला की नर्स अशी भिंतीला टेकून रडत नाही गं. आधी चादर सारखी करते, मग नातेवाइकांना पाणी देते. मी जन्मभर तेच केलं."

मी पुढे होऊन त्यांच्या बोटाखालची ओळ पाहिली.

"राग आला का?"

"नाही. पुढे वाचा."

खरंच राग आला नव्हता. न वाचता झालेल्या कौतुकाने मला काय दिलं? या बाईंनी इतकं मन लावून वाचलं होतं, की माझं खोटं त्यांना सापडलं.

दुपारी तो प्रसंग खोडून नव्याने लिहिला. असं चालत नाही म्हणणारे म्हणोत. खालच्या मजल्यावर एक निवृत्त फौजदार राहतात आणि माझ्या पटकथेत पोलिस चौकीचे चार प्रसंग आहेत. उद्या सकाळी मी त्यांची बेल वाजवणार आहे.