लाल गाडीचे नवे एक्सल बूट

अम्मानच्या अर्ध्याअधिक बायकांना गाडी चालवायला आपणच शिकवलं, असं फव्वाझ सांगत असे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. दिवसभर छपरावर पाटी लावलेल्या शिकाऊ गाडीत तो शेजारच्या सीटवर बसायचा आणि दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक दाबायचा. जेवताना बायकोने आमटीचं पातेलं जरा जोरात पुढे सरकवलं तरी त्याचा पाय टेबलाखाली आपोआप दाबला जाई. थोरला मुलगा तरीफ, म्हणून रिवाजाप्रमाणे लोक त्याला अबू तरीफ, म्हणजे तरीफचा बाप, म्हणत. तो स्वतः मात्र स्वतःला लाल गाडीवाला समजत असे.

ती लाल गाडी त्याने लग्नाच्याही आधी घेतली होती. दोन दारांची, ठेंगणी, पुढच्या चाकांनी ओढणारी स्पोर्ट्स गाडी. मागच्या सीटवर माणूस गुडघे कानाला लावून बसे. पण त्याची बायको नुहा हिच्या माहेरची एकही नवरी दुसऱ्या गाडीतून सासरी गेली नव्हती. जाईच्या माळा घातलेली ही गाडी वरातीत सगळ्यांत पुढे असायची, आणि पहिला दुवार, म्हणजे पहिला गोल चौक आला की हॉर्न वाजवत त्याला तीन फेऱ्या मारायची. मागे सगळी वरात थांबलेली, वाहतूक तुंबलेली, पोलीस शिट्टी वाजवून दमलेला. वर्षभर मुंगीच्या पावलांनी चालणारा फव्वाझ त्या तीन फेऱ्यांत राजा व्हायचा.

आता गाडी म्हातारी झाली होती. पुढच्या चाकांच्या आत, एक्सलच्या टोकाला जे घड्यांचे रबरी बूट असतात, त्यांतून ग्रीस गळू लागलं होतं. चाकाच्या आतल्या बाजूला काळं चिकट, अंगणातल्या फरशीवर काळे डाग.

"अबू तरीफ, तुमची लाडकी परत अंगणात लाळ गाळून गेली," नुहा फरशी घासत म्हणायची.

"म्हातारपणी सगळ्यांचंच होतं," तो म्हणायचा. पण ते त्याला लागायचं.

आणि नेमकं त्याच वर्षी मुनीर परत आला. मुनीर म्हणजे त्याचा साडू, नुहाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बरीच वर्षं दोहाला नोकरी करून आला, आणि येताना गाडी घेऊन आला. तीच कंपनी, तेच मॉडेल, फक्त पांढरं. दोहाला ती बंद गॅरेजमध्ये कापडाखाली झाकून ठेवलेली होती म्हणे. रंग असा की त्यात बघून दाढी करावी. खाली एक थेंब नाही.

लोक काय, लोकांना विषय हवाच असतो. "अबू तरीफ, तुझ्या गाडीचा धाकटा भाऊ आला," कोपऱ्यावरचा ब्रेडवाला म्हणाला. फव्वाझ हसला, आणि ब्रेड न घेताच परत फिरला. साडूचं घर मोठं आहे, याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. साडूचा पगार, साडूची मुलं इंजिनिअर, सगळं त्याने गोड मानून घेतलं होतं. पण याने गाडी तीच आणावी? जगात दुसऱ्या गाड्या नव्हत्या?

नुहाच्या भावाची, नबीलची मुलगी रनीम हिचं लग्न ठरलं होतं. एका शुक्रवारी नबीलने सगळ्यांना जेवायला बोलावलं. मोठ्या परातीत मन्सफ, म्हणजे भातावर मटण, वर दह्याचा रस्सा. फव्वाझच्या पुढ्यात मांसाचा चांगला तुकडा मुनीरनेच सरकवला, आणि तेही त्याला खुपलं. जेवण आटोपल्यावर नबील घसा खाकरून म्हणाला, "अबू तरीफ, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी गाडी आता… मुलीचा पायघोळ पांढरा पोशाख, कुठे काळा डाग लागला तर? या खेपेला मुनीरची गाडी पुढे राहू दे."

"त्यात वाईट काय वाटायचंय?" फव्वाझ म्हणाला. "पांढऱ्यात पांढरं छान दिसेल."

"तुम्ही लगेच माझ्या मागे राहा, अबू तरीफ," मुनीर म्हणाला. "तुम्ही मागे असलात की मला धीर. वरातीचा मला कुठे अनुभव आहे?"

फव्वाझच्या अंगाचा तिळपापड झाला. जागा घेतलीस ती घेतलीस, वर धीरही माझ्याकडूनच मागतोस? हात धुण्याच्या निमित्ताने तो बाहेर पडला. पांढरी गाडी कुंपणाशी उभी होती, चाकं पुरती वळवलेली. तो सवयीने खाली वाकला.

उजव्या चाकाचा बूट घडीवर आडवा फाटला होता. रबर वाळून पापडासारखं झालं होतं. वर्षानुवर्षं बंद खोलीत उभं राहून दुसरं काय होणार? आत ग्रीस जवळजवळ नव्हतंच. खाली थेंब पडत नव्हता, कारण गळायला काही उरलंच नव्हतं. सरळ रस्त्यावर ही गाडी अजून बरेच दिवस गुपचूप चालली असती. पण चार माणसं बसवून, चाकं पुरती वळवून गोल चौकाला फेऱ्या मारायच्या म्हटल्यावर तो कोरडा सांधा टिकणं कठीण होतं. हे फव्वाझला तिथेच, गुडघ्यावर बसल्या बसल्या कळलं.

आणि त्याला आनंद झाला. उगीच आडपडदा कशाला ठेवायचा? उपाशी माणसाला जेवणाचा वास यावा तसा आनंद झाला.

"काय बघितलंत खाली?" दारात उभ्या असलेल्या नुहाने विचारलं.

"काही नाही. तसबीह पडली होती," तो म्हणाला आणि हातातली जपमाळ दाखवली.

दुसऱ्याच दिवशी तो लाल गाडी घेऊन बयादरच्या गॅरेजांच्या वस्तीत, मुअल्लिम म्हणजे उस्ताद मिस्त्री वजीहकडे गेला. वजीहने गाडी जॅकवर चढवली, सेजचा सुगंधी पाला घातलेला चहा त्याच्या हातात दिला आणि स्वतः खाली शिरला.

"उजवा बूट गेला," आतून आवाज आला. "सांधा अजून ठणठणीत. एक्सल काढतो, धुतो, नवं ग्रीस भरतो. डाव्याची मात्र नुसती पट्टी सैल झालीये. पट्टी बदलली की झालं."

"आणि बूट मिळतील?"

"जुन्या मालाच्या बाजारातून एक जोडी आणून ठेवलीये. याच मॉडेलची. ही शेवटची, यापुढे नावसुद्धा काढू नकोस." वजीह बाहेर सरकला आणि हात पुसू लागला. "तुला एकच लागतो. दुसरा तुझ्या साडूला देऊन टाकू. तशीच गाडी ना त्याची? दोहाहून आलेली, रबर वाळलं असणार. आधी बघून घे म्हणावं त्याला."

फव्वाझने चहाचा घोट घेतला. चहा गोडमिट्ट होता.

"त्याची काळजी नको. मोठा माणूस, त्याने तिकडेच सगळं नवं बसवून आणलंय," तो म्हणाला. "माझे दोन्ही बदल."

"अरे, डावा चांगला आहे."

"दोन्ही बदल म्हटलं ना."

वजीहने खांदे उडवले आणि दोन्ही बदलले. घरी येताना फव्वाझने मुद्दाम प्रत्येक चौकात चाकं पूर्ण वळवून पाहिली. गाडी चूं करेल तर शपथ. लग्नाच्या दिवसापर्यंत तो रोज पहाटे उठून अंगण बघायचा, फरशी कोरडी. मनात तो मांडे खात होता: पांढरी गाडी चौकात बंद पडलेली, लोक हवालदिल, आणि मागून आपण. दार उघडून फक्त एवढंच म्हणायचं, "ये, पोरी."

एकदा नुहा म्हणालीही, "आजकाल खुशीत दिसता. मला वाटलं होतं, या लग्नात तोंड पाडून बसाल."

लग्नाच्या संध्याकाळी वरात निघाली. पुढे पांढरी गाडी, जाईच्या माळांनी मढवलेली. मुनीर चालवतोय, शेजारी त्याची बायको, मागे रनीम आणि नवरा मुलगा. लगेच मागे लाल गाडी, फव्वाझच्या शेजारी नुहा. त्यामागे हॉर्नचा गोंधळ. दुवार आला. मुनीरने चाकं वळवली.

टक. टक. टक-टक-टक.

काच खाली होती. एवढ्या हॉर्नमध्येही फव्वाझला तो आवाज स्वच्छ ऐकू आला, कारण तो त्याचीच वाट बघत होता. पहिली फेरीही पुरी झाली नाही. खाडकन काहीतरी तुटलं. इंजिन घोंघावत राहिलं आणि पांढरी गाडी जागच्या जागी थांबली.

"एक्सलचा सांधा गेला," फव्वाझ म्हणाला. अजून खाली उतरलाही नव्हता.

नुहा त्याच्याकडे वळली. "तुम्हाला इथे बसून कसं कळलं?"

त्याने दाराच्या मुठीकडे हात नेला.

"त्या दिवशी तसबीह नव्हती पडली," नुहा म्हणाली. "हे बघितलंत."

मागे हॉर्न वाजत होते. मुनीर खाली उतरून पळतच आला. घामाघूम झाला होता, पण चेहऱ्यावर राग नव्हता, सुटका होती. "देवाची कृपा, तुम्ही मागे आहात," तो म्हणाला. "सकाळपासून टक-टक करत होती. आज कोण बघणार? म्हटलं, अबू तरीफ मागे आहेत ना, मग भीती नाही. पोरीचा खोळंबा होता कामा नये."

आणि पांढऱ्या गाडीवरच्या जाईच्या माळा त्याने स्वतःच्या हाताने सोडवल्या आणि लाल गाडीवर बांधू लागला. एक गाठ सैल वाटली म्हणून त्याने ती पुन्हा बांधली.

मागे जायला पुढची सीट पाडावी लागते, म्हणून नुहा उतरली. रनीमचा पोशाख तिने हातांनी गोळा करून आत नीट बसवला, कुठे डाग लागू दिला नाही. नवरा मुलगा आत शिरला. तिने सीट सरळ केली आणि दार बाहेरून लावलं.

"तू बस ना," फव्वाझ म्हणाला.

"माझी जागा इथे ठीक आहे," ती म्हणाली, आणि बंद गाडीपाशी जाऊन मुनीरशेजारी उभी राहिली.

ठरवलेलं "ये, पोरी" तोंडातच राहिलं. त्याने हॉर्नवर हात ठेवला आणि गाडी चौकात घातली. पहिल्या फेरीला मुनीर टाळ्या वाजवत होता, नाचायलाही लागला होता, साडूला हात करत होता. नुहा शेजारी उभी होती, जमिनीकडे बघत. दुसऱ्या फेरीला मुनीरने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, आणि पोलीसही हसला. नुहाने मान वर केली, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. फव्वाझला वाटलं, आता पुरे. सरळ रस्ता धरावा.

"काका, तिसरी राहिली," मागून रनीम हसत म्हणाली. "तीन असतात ना आपल्यात?"

सगळं आयुष्य तो या तीन फेऱ्यांसाठी जगला होता. चाकं पुरती वळवताना त्याने उभ्या जन्मात पहिल्यांदाच मागणं मागितलं, की आता आपल्या एक्सलने टक करावं, काहीतरी तुटावं आणि गाडी इथेच थांबावी.

पण दोन्ही बूट नवे होते. गाडी लोण्यासारखी वळली आणि त्याला पुन्हा एकदा त्या दोघांसमोर घेऊन गेली.